पांढरीपांडे काकांची जंगलाची परवानगी

पांढरीपांडे काकांनी एकदा स्वतःचाच अर्ज नामंजूर केला होता.

ही थट्टा नाही. भोपाळमधल्या इंद्रपुरीतल्या आमच्या बिल्डिंगचे ते सेक्रेटरी. त्यांना गच्चीवर गहू वाळत घालायचे होते आणि गच्चीला नुकतंच डांबर लावलं होतं. दुसरा कोणी असता तर चादर काखेत मारून सरळ वर गेला असता. काकांनी 'मा. सेक्रेटरी यांस' असा अर्ज लिहिला, खाली सही केली, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग जवळचा चष्मा चढवून सेक्रेटरी या नात्यानं तो वाचला, 'गच्चीचे काम ओले असल्याने विनंती मान्य करता येत नाही, क्षमस्व' असा शेरा मारला आणि स्वतःला परत केला. गहू बाल्कनीत वाळले. मी हसलो तर म्हणाले, "हसू नका मास्तर. उद्या दुसऱ्या कोणाला नाही म्हणायचं झालं, तर कोणत्या तोंडानं म्हणू?"

'रीतसर' हा काकांचा लाडका शब्द. 'तोंडी काही नको' हा दुसरा. पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी तपासणी विभागात काढली. हातात आलेली वस्तू आधी उलटी करून बघायची, ही सवय तिथली. आमच्याकडे चहाला आले की रिकामा कप उचलून त्याचं बूड बघतात आणि मगच माझी बायको अंजू त्यात चहा ओतू शकते.

नावाचं वेड आणखी वेगळं. काका मूळचे नागपूरचे, आणि भोपाळात कोणाच्याही जिभेला पांढरीपांडे हे नाव पेलत नाही. दूधवाला, कुरिअरवाला, बँकेतली मुलगी, सगळे 'पांडेजी'वर येऊन थांबतात. काका दाराआडून विचारतात, "कौन चाहिए?"

"पांडेजी."

"यहाँ कोई पांडे नहीं रहता."

दार बंद. भरलेला गॅस सिलिंडर एकदा असाच आल्या पावली परत गेला आणि आठवडाभर काका आमच्याकडे जेवले. शेवटी गॅसवाल्यानं हार मानून नाव पाठ केलं. आता जिन्याखालून 'पांढ-री-पांडे-जी' अशी, मधे मधे दम घेत हाक येते आणि काका अगदी प्रसन्न चेहऱ्यानं दार उघडतात.

आम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा काकू नुकत्याच गेल्या होत्या. एक मुलगा आहे, सरकारी नोकरीत, बाहेरगावी असतो, एवढंच शेजाऱ्यांकडून कळलं. काका त्याचा विषय काढत नसत. आम्हीही विचारत नसू.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अंजू एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिच्याबरोबरच्या रेहानानं मोबाइलवर कोणाचे तरी फोटो दाखवले. सातपुड्यात एक वाट आहे. पाठीवर सॅक घेऊन चालायचं, ओढ्याकाठी तंबू ठोकून झोपायचं, वरच्या पठारावर भर मे महिन्यात गार वारा. पाऊस लागला की वाट बंद. अंजू घरी आली ती ठरवूनच. "तुला शाळेची सुट्टी आहे, मी रजा टाकते, रेहाना येतेच आहे. पण परमिट लागतं आणि ग्रुपमध्ये कमीत कमी चार जण हवेत. चौथा कोण?"

हे बोलणं जिन्यात चाललं होतं. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

"चौथा मी," काका म्हणाले.

काकांचं वय सदुसष्ट. पण रोज पहाटे ते पिपलानीपर्यंत चालत जाऊन येतात, ते आमच्यातल्या कोणालाच जमलं नसतं. अंजूला आनंद झाला. म्हणाली, "मग झालंच काम. माझ्या मामांची फॉरेस्टमध्ये पहचान आहे. एक फोन लावला की परमिट घरपोच."

काकांचा चेहरा उतरला. "पहचान असेल तर मी येत नाही."

"अहो काका, इथे सगळं पहचानीवरच चालतं!"

"म्हणूनच. अर्ज रीतसर करू. ते काम माझ्याकडे."

रेहानाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "लेकिन अंकल, ऑनलाइन हो जाता है. साइट चालू है, मैंने देखी."

"साइटला माणूस दिसत नाही," काका म्हणाले. हे उत्तर आम्हा कोणालाच नीट कळलं नाही. पण चौथा माणूस गमवायचा नव्हता, म्हणून सगळे गप्प बसलो.

मला सुट्टी असल्यानं काकांना स्कूटरवरून जंगलखात्याच्या कचेरीत न्यायचं काम माझ्याकडे आलं. काका मागे बसले तरी वळताना हात दाखवतात. मी डावीकडे वळणार असेन आणि काकांच्या मते उजवीकडे वळायला हवं असेल, तर आमच्या स्कूटरचे दोन्ही हात बाहेर असतात आणि मागून येणारे ट्रकवाले जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी काकांनी इस्त्रीचा बुशशर्ट घातला होता, दाढी दोनदा केल्यासारखी गुळगुळीत होती आणि अंगाला पावडरचा वास येत होता. मला वाटलं, सरकारी कचेरीचा मान राखतायत. कचेरीत एक लांब व्हरांडा, त्यात घरघरणारा कूलर आणि भिंतीला लागून बाकडी. कूलरसमोरचं बाकडं रिकामं होतं. काका ते सोडून टोकाच्या, उन्हं येणाऱ्या बाकड्यावर जाऊन बसले. समोर साहेबांची खोली, दाराला हिरवा पडदा आणि वर पाटी: ए. पांडे.

"घ्या," मी हळूच म्हणालो, "इथे खरे पांडे आहेत."

काका हसले नाहीत.

खिडकीवर मालवीयजी नावाचे गृहस्थ होते. स्वभावानं अगदी साधे, प्रत्येकाला 'बैठिए ना' म्हणणारे. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "अंकल, इसमें तारीख़ नहीं है."

मी चाटच पडलो. ज्यांनी माझ्या मेहुण्याच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताशेजारी 'सकाळी की सायंकाळी?' असं लाल शाईनं लिहून पत्रिका परत पाठवली होती, ते तारीख विसरले! मी पेन पुढे केलं. काका म्हणाले, "छे छे, वरून लिहिलेलं चांगलं दिसत नाही. रीतसर नवा अर्ज करू. परवा येऊ."

परवा गेलो तर रेहानाचा फोटो लावायचा राहिला होता. त्यानंतर गेलो तर काकांनी स्वतःचं वय सदुसष्टऐवजी शहात्तर लिहिलं होतं. घरी आल्यावर अंजू काळजीत पडली. "काकांना विसरायला तर होत नाहीये ना रे? डॉक्टरांना दाखवू या का?"

पुढचा अर्ज मग मी आणि अंजूनं जेवणाच्या टेबलावर बसून तपासला. तारखा, फोटो, ओळखपत्रं, काकांचं फिटनेस सर्टिफिकेट, सगळं जागेवर. काका समोर बसून नुसते बघत होते. अर्ज बिनचूक आहे असं अंजूनं जाहीर केलं तेव्हा ते म्हणाले, "हो का?" आणि चहा अर्धा टाकून खाली गेले.

मालवीयजींनी तो अर्ज पडद्याआड नेला. जरा वेळानं बाहेर आले. "अंकल, साहब ने आपत्ति लगाई है. नक़्शे में रास्ता हरी स्याही से दिखाना है."

मी चिडलो. निळ्या शाईत काय बिघडलं? काका मात्र येताना स्कूटरवर चक्क गुणगुणत होते, आणि वाटेत थांबवून त्यांनी मला उसाचा रस पाजला.

हिरवी शाई झाली. मग दुसरी हरकत आली, हिंदीत आणि फार सुवाच्य अक्षरात: जंगलात चूल पेटवायला मनाई आहे, तर ज्येष्ठ सदस्य रात्री गरम जेवणाशिवाय कसे राहतील, याचा खुलासा करावा. काकांनी तिथेच बाकड्यावर बसून खुलासा लिहिला. मी वाकून वाचला. 'ज्येष्ठ सदस्य हे गेली दोन वर्षे रात्री पोळी दुधात कुस्करून खातात. त्यांना गरम लागत नाही. सबब काळजी नसावी.'

"काका, एवढं कशाला लिहायचं? 'थंड डबा नेऊ' म्हटलं की झालं."

"विचारलंय त्याचं उत्तर पूर्ण द्यावं," काका म्हणाले.

तो कागद आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो नुसता 'ठीक है, पर साहब अभी और देखेंगे' एवढ्या निरोपासह. त्याच वेळी शिपाई स्टीलच्या पेल्यात माठाचं पाणी घेऊन आला आणि काकांच्या हातात देऊन गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दर खेपेला असंच होत होतं. बाकी लोक कोपऱ्यातल्या नळावर जाऊन पाणी पीत. काकांना पेला यायचा.

तिसऱ्या हरकतीनं भांडं फुटलं. अंजूची रजा आठवड्यावर आली होती, संध्याकाळी ढग दिसायला लागले होते आणि साहेबांनी लिहिलं होतं: ज्येष्ठ सदस्याच्या डाव्या गुडघ्याबाबत सद्यस्थिती कळवावी.

डावा गुडघा? अर्जात गुडघ्याबद्दल अवाक्षर नव्हतं. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटात नव्हतं. काकांचा गुडघा दुखतो हे मला, रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाला, माहीत नव्हतं. काका खुलासा लिहिण्यात गढले होते. मी उठून खिडकीपाशी गेलो आणि मालवीयजींना विचारलं, "साहब को घुटने का कैसे पता?"

मालवीयजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी स्वतःचं नाव विचारलं होतं. "आपको नहीं मालूम? अंकल साहब के पिताजी हैं. पूरे दफ़्तर को पता है भाईसाहब. साहब परदे में से देखते रहते हैं कि पानी पिया कि नहीं. दो हफ़्ते से हम लोग यही चला रहे हैं."

परत जाताना मी स्कूटर रसाच्या गाडीपाशी थांबवली. या वेळी रस मी मागवला. आणि विचारलं.

काकांनी नाकारलं नाही. पेल्यातला बर्फ हलवत राहिले.

"अभय त्याचं नाव. नोकरी लागली, पहिल्यांदा साहेब झाला, तर दारावर लावायची पाटी घेऊन आला आम्हाला दाखवायला. पितळेची. त्यावर 'ए. पांडे'. म्हणाला, बाबा, लोकांना म्हणता येत नाही हो, वायरलेसवर नाव घेताना जंगलातले गार्ड अडकतात. बरोबरच होतं त्याचं. पण मी म्हणालो, या घरात पांडे नावाचं कोणी राहत नाही."

रसवाल्यानं घुंगरू लावलेलं चाक फिरवलं. काका ते थांबेपर्यंत थांबले.

"तेव्हापासून तो आला की उंबऱ्याबाहेरच. ती होती तोवर इकडचे निरोप तिकडे न्यायची. मग तीही गेली. बदली भोपाळला झाली, हे मला नागपूरच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं. नेहरू नगरात राहतो म्हणे. म्हटलं, बघून तरी येऊ. पण नुसतं कसं जायचं? काही काम हवं ना."

"आणि तो अर्ज परत पाठवत राहिला."

"आधी माझ्या चुका होत्या," काका म्हणाले. "मुद्दाम केलेल्या. मग तुम्ही सगळं दुरुस्त केलंत. मला वाटलं, संपलं. तर त्यानं शाईची हरकत काढली." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की पोरगा परीक्षेत पहिला आल्याचं सांगतायत. "तपासणीत असा एक माणूस नव्हता मला मिळाला."

"मग आत जाऊन बोला ना, काका."

"तोंडी?" ते घाबरलेच. "आणि काय बोलू?"

मी हे घरी सांगितलं. अंजू आधी हसली, मग रडली, मग दोन्ही सोडून कॅलेंडर बघायला गेली. "हे दोघं पाऊस पडेपर्यंत असेच गुडघे-गुडघे खेळत बसतील. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी अंजू आमच्यामागून रेहानाच्या गाडीवर आली. काका गुडघ्याचा खुलासा घेऊन आपल्या बाकड्यावर बसले होते. अंजूनं तो त्यांच्या हातातून घेतला, मालवीयजींना नमस्कार केला आणि पडदा सारून सरळ आत गेली. मी तिला थांबवायला म्हणून मागे गेलो आणि आतच अडकलो.

टेबलामागे चाळिशीचा माणूस होता. केस विरळ, नाक थेट काकांचं. तो दचकून उभा राहिला.

"साहेब," अंजू मराठीत म्हणाली, "माझी रजा वाया चाललीये. तुम्हाला तुमच्या बाबांचा गुडघा बघायचाय ना, मग घरी येऊन बघा. तेल मीच आणून देते त्यांना, पण चोळायला कोणी नाही म्हणून बाटली भरलेलीच राहते. तुम्ही चोळून द्या. पण आमचं परमिट कशाला अडवता?"

तेल तिनं आयुष्यात कधी आणून दिलं नव्हतं. हे तिनं तिथल्या तिथे रचलं. पण अभय पांडे यांनी खुलाशाचा कागद उघडला, वाचला, आणि मग टेबलावरचं पेपरवेट उलटं करून त्याचं बूड बघत बसले. ते खाली ठेवत म्हणाले, "वाट चढाची आहे हो. शेवटच्या टप्प्यात दगड सुटे आहेत. ते ऐकणार नाहीत कोणाचं. पुढे पुढे जातील."

"मी धरून ठेवीन," अंजू म्हणाली.

त्यांनी परवाना पुढे ओढला आणि सही केली.

बाहेर मालवीयजींनी तो काकांच्या हातात दिला. काकांनी नेहमीप्रमाणे पहिल्या अक्षरापासून, ओळीखाली बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. बोट सहीपाशी आलं आणि थांबलं. सही देवनागरीत होती आणि पूर्ण होती. पांढरीपांडे हे नाव त्या चौकटीत मावलंच नव्हतं. शेवटचं 'पांडे' शिक्क्यावर चढलं होतं. काकांनी कागद उलटा केला नाही. फाइलमध्ये ठेवला आणि फाइलची नाडी बांधायला लागले, ती काही केल्या बसेना. मी बांधून दिली.

निघताना ते पडद्यासमोर उभे राहिले आणि मालवीयजींकडे तोंड करून मोठ्यानं मराठीत म्हणाले, "शुक्रवारी सकाळी निघतो. रविवारी संध्याकाळपर्यंत परत."

मालवीयजींना मराठी येत नाही. ते नुसतेच मान डोलावून म्हणाले, "जी, जी."

पडद्याआडून आवाज आला, "पाणी जास्त घ्या, बाबा."

वाट फार सुंदर होती. चारोळीची झाडं फळांनी लगडलेली, ओढ्याला घोट्याएवढं पाणी, आणि पठारावर खरोखरच गार वारा. काकांनी तंबूच्या प्रत्येक खुंटीला हात लावून पाहिला, आमच्याबरोबरच्या गाइडला ओढा ओलांडण्याआधी 'इजाज़त है?' विचारलं, आणि सुट्या दगडांच्या टप्प्यात अंजूनं दंड धरला तेव्हा कुरकुर न करता धरू दिला. दर वळणावर थांबून पाणी प्यायले. इतकं, की रेहानाला आपल्या बाटलीतलं त्यांना द्यावं लागलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही बिल्डिंगमध्ये शिरलो तेव्हा चौघांच्याही अंगावर धुळीची पुटं होती. जिना चढताना काका पुढे होते. पहिल्या मजल्यावर ते थबकले.

त्यांच्या दारापाशी पायरीवर अभय बसला होता. घरातल्या साध्या कपड्यांत, शेजारी कापडी पिशवी, त्यातून भाजीची देठं बाहेर आलेली. तो उठून उभा राहिला. काकांनी खिशातून किल्ली काढली. काकांनी किल्ली लावली, फिरवली, पुन्हा फिरवली. कुलूप उघडेना. त्यांनी किल्ली उलटी करून बघितली.

अभय पुढे झाला. त्यानं दार कडी धरून स्वतःकडे ओढलं, गुडघ्यानं खाली जरासं दाबलं आणि किल्ली फिरवली. दार उघडलं. ते दार तसंच उघडतं, हे त्या घरात राहिलेल्या माणसाखेरीज कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"ये," काका म्हणाले. "चपला आत काढ. बाहेर मांजर नेतं."

रेहाना खालूनच घरी गेली. आम्ही दोघं पाय न वाजवता वर आलो, सॅक भिंतीला टेकवल्या आणि मी आधी पंखा सुरू केला, कारण खोली भट्टीसारखी तापली होती. थोड्या वेळानं खालून फोडणीचा वास आला. मग भांडं आपटल्याचा आवाज. मग काकांचा चढलेला स्वर: "अरे, हळद किती टाकतोस!" त्यावर अभयही काहीतरी म्हणाला, तितक्याच चढ्या आवाजात.

अंजू एक बूट पायात आणि एक हातात, अशी खिडकीला कान लावून उभी होती.

"पंखा बंद कर ना जरा," ती म्हणाली. "ऐकू येत नाहीये."